द्रौपदा अक्काची कुलपं

द्रौपदाबाईच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. अपघात झाला नव्हता की संधिवातही नव्हता. चौतीस वर्षं बाळंतिणींनी ती पिळली होती. उजवा हात कामाचा आणि डावा हात बाईचा, अशी तिनं वाटणीच करून टाकली होती. प्रसूतीच्या खोलीत शिरताना ती घड्याळ काढून खिशात टाकी, टेबलावर कण्हणाऱ्या बाईच्या मुठीत आपली बोटं देई आणि म्हणे, "धर. तुझ्याआधी लई जणींनी तोडून पाहिलीत, तुटली नाहीत."

पाचोऱ्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून एक मोठं गाव आहे, तिथल्या सरकारी दवाखान्यात ती सिस्टर होती. आजूबाजूच्या वीस-बावीस खेड्यांतल्या बायका तिला अक्का म्हणत. बाप रेल्वेत गँगमन, पाचोऱ्याच्या भीमनगरात वाढलेली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत काही घरांत तिच्या चहासाठी फडताळातला कानतुटका कप वेगळा निघे. त्याच घरची सून दवाखान्यात कळांनी तळमळायला लागली की मात्र तिचा हात सोडायचं नाव काढत नसे. द्रौपदाबाईनं याचा राग फार दिवस जवळ ठेवला नाही. ती म्हणायची, कळ आली की माणूस शहाणं होतं, पण कळ थांबेपर्यंतच.

बाळंतपणात बाळापेक्षा अवघड असतात ते नातेवाईक. त्यातही सासू. सासू आत असली की तीन कळा सुनेला आणि चौथी सिस्टरला. आमच्या वेळी आम्ही कापूस वेचता वेचता बाळंत झालो, पोर ओट्यात घेतलं नि संध्याकाळी भाकरी थापल्या, हे प्रत्येकीचं ठरलेलं. ते ऐकून टेबलावर पडलेल्या पोरीची कंबर आणखी आखडायची. सासूला बाहेर जा म्हणावं तर अपमान, आत ठेवावी तर सुनेचे हाल.

यावर द्रौपदाबाईकडे एक औषध होतं. ते तिला धुळे जिल्ह्यात साक्रीकडे पहिल्या नेमणुकीवर असताना एका म्हाताऱ्या सुईणीनं दिलं होतं. बाई अडली की घरातल्या बाईनं घरी जाऊन सगळी कुलपं उघडायची. कोठीवरचं झाकण काढायचं, बैलांचे कासरे सोडायचे, गाठोड्याच्या गाठी सोडायच्या, वेणी मोकळी करायची. घर मोकळं झालं की बाई मोकळी होते. द्रौपदाबाईच्या बापानं घरातले गंडेदोरे, उतारे, नवससायास कधीच बाहेर फेकले होते, त्यामुळे तिनं म्हातारीला विचारलं होतं की मावशी, खरंच सुटते का गं बाई यानं. म्हातारी तंबाखू चोळत म्हणाली होती, "बाईचं माहीत नाही. आपली सासूपासून सुटका होते."

तेव्हापासून चालू होतं. सासूनं तोंड सुरू केलं की द्रौपदाबाई गंभीर चेहरा करून तिला बाजूला घेई आणि हळूच विचारी, घरची कुलपं उघडलीत का. सासूचा चेहरा उतरे, आणि ती मिळेल त्या रिक्षात बसून गावाकडे सुटे. दोन-तीन तास निवांत. नवऱ्यांनाही ते लागू पडे. एका हुशारानं मोटारसायकलीची डिकी उघडली, बँकेतलं लॉकर उघडता येईल का म्हणून फोन केला, आणि शेवटी मोबाईल तिच्यासमोर धरून म्हणाला, "सिस्टर, याचंपण कुलूप काढून टाकलं." त्या दिवशी बाळंतीण टेबलावर हसली होती, आणि हसता हसताच बाळाचं डोकं आलं होतं.

द्रौपदाबाईची लेक मृणाली जळगावला शाळेत शिकवते. तिला हे आवडायचं नाही. एका दिवाळीत ती म्हणाली, "आई, तू स्वतः मानत नाहीस आणि लोकांना सांगतेस. आजोबा असते तर काय म्हणाले असते?"

"आजोबांनी कधी कुणाची सासू सांभाळली नाही," द्रौपदाबाई म्हणाली.

मृणाली हसली, पण म्हणाली, "एखाद दिवस कुणी खरं मानेल ना."

"मानतातच की. मानतात म्हणून तर जातात."

लेक काय म्हणते ते त्या दिवशी तिच्या डोक्यात शिरलं नाही. चांगल्या चाललेल्या गोष्टीत खोट काढणं हा मास्तरणीचा धंदाच आहे, असं म्हणून तिनं चिवड्याचा डबा पुढे केला.

त्याच दिवाळीनंतर पुनम बाळंतपणाला आली.

पुनम नशिराबादची. माय ती दहा वर्षांची असताना वारलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा रिवाज, पण माहेरी करणार कोण. तिची सासू मंदाबाई सगळ्या गावाला सांगून बसली होती की सासूबी मीच आणि मायबी मीच. दर महिन्याच्या तपासणीला ती सुनेबरोबर यायची. रांगेत पुढे घुसणाऱ्याला झापायची, सुनेनं लोहाच्या गोळ्या चुकवल्या की सुनेला झापायची, गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून द्रौपदाबाईला झापायची, आणि जाताना पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून तिच्या टेबलावर ठेवायची. तोंड तिखट, हात मऊ.

त्या घरात बाळाची धास्तीही जुनी होती. मंदाबाईच्या नवऱ्याचं नाव चिंधा. त्याच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती, म्हणून दृष्ट लागू नये अशा बेतानं आईनं त्याला फाटक्या चिंधीचं नाव दिलं होतं. तो साठीचा होऊन नातवाची वाट पाहत होता, तरी मंदाबाई सातव्या महिन्यापासून कुणापुढे बाळाचं नाव काढत नव्हती.

पुनमला आणलं तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. चिंधा आबा रिक्षा करून दोघींना घेऊन आला होता. नवरा ललित जळगावला पाइपच्या कंपनीत, त्याला फोन गेला होता. कळा चांगल्या चालू होत्या. टेबलावर चढताना पुनम म्हणाली, "अक्का, कालपासून बाळ गप आहे. आई म्हणतात, यायच्या आधी निजतं."

द्रौपदाबाईनं पोटावर ठोके ऐकायची नळी लावली. सरकवली, पुन्हा लावली. मग मशीन लावलं. मशीनमधून एक आवाज येत होता, पण तो संथ होता. तिनं दुसऱ्या हातानं पुनमची नाडी धरली. आवाज आणि नाडी एकच होते. आईचे ठोके होते ते. दुसरे नव्हतेच.

मंदाबाई दारात उभी राहून बोलत होती. सुनेनं सकाळी काही खाल्लं नाही, एवढीशी कळ आली की हातपाय गाळते, मी ललितच्या वेळी विहिरीचं पाणी ओढत होते. डॉक्टर मोहिनी मॅडम आल्या. वयानं लहान, द्रौपदाबाईच्या निम्म्याहून कमी वयाच्या. त्यांनी सोनोग्राफीचा पडदा आपल्याकडे वळवला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग मान किंचित हलवली. दोघींनाच कळेल इतकी.

पुनमला सांगायचं होतं. लपवायचं नाही, हा द्रौपदाबाईचा नेम होता. पण दारात मंदाबाई होती. हिला आत्ता कळलं तर कपाळ बडवून घेईल, दवाखाना डोक्यावर घेईल, आणि त्या आरड्याओरड्यात या पोरीला एकदा रडायलासुद्धा जागा उरणार नाही. द्रौपदाबाईनं फार विचार केला नाही. चौतीस वर्षांची सवय पुढे झाली. ती दाराशी गेली आणि हळूच म्हणाली, "मंदाबाई, घरची कुलपं उघडलीत का?"

मंदाबाईचं बोलणं तोडल्यासारखं थांबलं. तिनं विचारलं, बाळ बरं आहे ना.

"बरं आहे. तुम्ही तेवढी कुलपं उघडून या. एकही ठेवू नका."

मंदाबाई पदर खोचून निघाली. चिंधा आबाला चप्पल घालायलाही वेळ दिला नाही.

मग द्रौपदाबाईनं दार लावलं, स्टूल ओढलं आणि पुनमच्या तोंडासमोर आपलं तोंड येईल अशी बसली. डावा हात दिला.

"पुनम, तुला खोटं सांगणार नाही. बाळाचे ठोके बंद आहेत. मॅडमनी पाहिलं, मीबी पाहिलं. बाळ गेलंय."

जिला खोटं सांगायचं होतं तिला ती दोन मिनिटांपूर्वी सांगून आली होती.

पुनम म्हणाली, मशीन बिघडलं असेल. द्रौपदाबाईनं मान हलवली. पुनमनं स्वतःच्या पोटावर हात ठेवला, दोनदा थोपटलं, निजलेल्याला उठवतात तसं. तेवढ्यात कळ आली. ती ओसरेपर्यंत तिनं बोटं पिळली, मग छताकडे पाहत विचारलं, "मग मी कळा कशाला देऊ, अक्का?"

या प्रश्नाला चौतीस वर्षांत उत्तर सापडलं नव्हतं. प्रत्येक वेळी नवं शोधावं लागायचं आणि प्रत्येक वेळी ते अपुरं पडायचं. द्रौपदाबाईनं स्टूल आणखी जवळ ओढलं. मग म्हणाली, "त्याला आता आपलं आपण येता येणार नाही. तू आण. मी घेते."

नंतरचे साडेतीन तास त्या खोलीत कुणी मोठ्यानं बोललं नाही. लाव जोर, आलं आलं, आता रडतंय बघ, हे रोजचे शब्द द्रौपदाबाईनं खोलीबाहेर ठेवले होते. ती कंबर चोळत होती, ओल्या फडक्यानं कपाळ पुसत होती, चमच्यानं पाणी पाजत होती. ललित साडेअकराला आला. मॅडमनी त्याला व्हरांड्यात सांगितलं. तो आत आला, बायकोच्या डोक्याशी उभा राहिला आणि हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना, तेव्हा द्रौपदाबाईनं त्याचा हात उचलून पुनमच्या केसांवर ठेवला.

पावणेदोनला मुलगी झाली. भरलेली, पावणेतीन किलोची, डोक्यावर दाट जावळ. नाळेला गाठ बसली होती. गुरांच्या दाव्याला मारतात तशी, ओढून घट्ट झालेली. मॅडमनी ललितला ती दाखवली आणि सांगितलं की कुणाचा दोष नाही, अशी गाठ कधी कधी बसते.

द्रौपदाबाईनं कोमट पाणी घेतलं आणि मुलीला आंघोळ घातली. जिवंत बाळाला घालतात तशीच, मानेखाली हात देऊन, कानांत पाणी जाऊ न देता. अंगावर घालायला काही आणलंय का, तिनं विचारलं. पुनम म्हणाली, "आईंनी शिवलंय खूप. पेटीत आहे. आधी काढू नये म्हणतात."

म्हणून मग दवाखान्याचं हिरवं कापड घेतलं. त्यावर कोपऱ्यात काळा छापील नंबर असतो. द्रौपदाबाईनं घडी अशी घातली की नंबर आत जावा. मग तिनं मुलीला पुनमच्या कुशीत दिलं आणि तोंड भिंतीकडे करून उगाच कात्र्या पुसत बसली.

बऱ्याच वेळानं पुनम म्हणाली, "नाक आईंचं आहे."

मंदाबाई त्याच सुमारास परत आली. पदर धुळीनं माखलेला, केस मोकळे सोडलेले, कपाळावर घाम. व्हरांड्याच्या टोकापासूनच तिनं सांगितलं, "बठ्ठं उघडं करी टाकं, अक्का." घराचं दार, कोठ्या, गोठा, शेतातल्या मोटारीची पेटी, शेजारच्या भावकीचं कुलूप. बैल सोडले ते गावभर हिंडताहेत. हे सगळं सांगत असताना तिला बाकावर बसलेला ललित दिसला. त्याचा चेहरा पाहिला आणि ती तिथंच फरशीवर बसली. रडली नाही. फक्त एकदा म्हणाली, "एक पेटी ऱ्हायनी."

कसली पेटी, हे कुणी विचारलं नाही.

द्रौपदाबाईनं तिला आत बोलावलं, नातीचं तोंड पाहा म्हणाली. मंदाबाईनं मान हलवली. गेलेल्या लेकराचं तोंड बघू नये, माया अडकते, असं मानणाऱ्या बायका असतात. द्रौपदाबाईला वाटलं, ही त्यातलीच. तिनं आग्रह केला नाही. ऊन कलायच्या आधी ललित आणि चिंधा आबा मुलीला शेताच्या बांधावर घेऊन गेले. मंदाबाई तोवर व्हरांड्यातच होती. एकदाही दाराकडे तोंड केलं नाही.

बाराव्या दिवशी पुनम तपासणीला आली. बरोबर सासू नव्हती, ललित होता. दूध अजून येत होतं. द्रौपदाबाईनं छाती बांधायचं कापड पुन्हा नीट आवळून दिलं. बांधता बांधता विचारलं, मंदाबाई कशी आहे.

आई जेवत नाहीत, पुनम म्हणाली. सासऱ्यांनी हातात भाकरी दिली तर कोंबड्यांना टाकतात. घरातली सगळी कुलपं त्यांनी विहिरीत फेकली. दार, गोठा, सगळं उघडं टाकून बसतात. कुत्रं येऊन दूध पिऊन गेलं तरी उठल्या नाहीत. दिवसभर त्या पेटीसमोर बसतात.

"कोणती पेटी?"

"बाळाच्या कपड्यांची. लग्नात आणलेली पत्र्याची पेटी आहे त्यांची. त्या दिवशी सगळी कुलपं उघडली, आणि तिच्यासमोर किल्ली घेऊन उभ्या राहिल्या. बाळाचं अंगडं-टोपडं आधी बाहेर काढू नये, आणि कुलूप तर एकही ठेवू नये. काय करावं कळेना. शेवटी नाही उघडली. मग यांनी घरी सांगितलं, नाळेला गाठ होती. त्या म्हणतात, तीच ती गाठ. मीच मारलं पोरीला." पुनम थांबली. मग सरळ विचारलं, "अक्का, तुम्हीच सांगितलं होतं ना त्यांना?"

द्रौपदाबाईच्या हातातलं कापड तसंच राहिलं. एकही ठेवू नका, असं तीच म्हणाली होती. आणि व्हरांड्यात मंदाबाईनं मान हलवली ती मायेच्या भीतीनं नव्हती. मारणारीनं तोंड कसं बघायचं, म्हणून होती.

त्या रविवारी तिची सुट्टी होती. शनिवारभर तिनं स्वतःला पुष्कळ समजावलं. खरं सांगितल्यानं गेलेलं लेकरू परत येत नाही. काळ हेच औषध. वीस-बावीस खेड्यांत अक्काचा शब्द चालतो तो आपण खोटं बोलत नाही म्हणून, आणि ते गेलं तर दीड वर्ष उरलेल्या नोकरीत कोणती बाई आपला हात धरेल. हे सगळं खरं होतं. पण मंदाबाई जेवत नव्हती, हेही खरं होतं. रविवारी सकाळी ती रिक्षात बसली.

घर दुरूनच ओळखू आलं. गल्लीतल्या सगळ्या घरांना दारं होती, या घराचं दार नुसतं भिंतीला टेकवलेलं होतं. आत चुलीपाशी कोंबड्या फिरत होत्या. मंदाबाई मधल्या खोलीत जमिनीवर बसली होती आणि समोर निळ्या रंगाची पेटी होती. किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून तिनं गळ्यात घातली होती. पंधरा दिवसांत बाई अर्धी झाली होती.

पुनम आतून आली आणि म्हणाली, चहा ठेवते. द्रौपदाबाई मंदाबाईसमोर बसली. सांगायची वाक्यं तिनं रिक्षात जुळवली होती, ती एकही कामाला आली नाहीत.

"मंदाबाई, तुम्ही दवाखान्यातून निघालात तेव्हा बाळ गेलेलं होतं. आदल्या दिवशीच गेलं होतं. गाठ तर कधीची, ते एवढंसं होतं तेव्हाची. तुम्ही दारात बोलत होतात तेव्हा माझं ठोके ऐकून झालं होतं."

मंदाबाईनं वर पाहिलं. "तुम्ही म्हणालात, बरं शे."

"खोटं बोलले."

"मग कुलपं?"

"कुलपांनी काही होत नाही. तुम्ही बाहेर जावं म्हणून सांगितलं. मी सगळ्यांनाच सांगते."

एक कोंबडी पेटीवर चढली आणि उतरली. मंदाबाईनं किल्ली मुठीत धरली होती. मूठ हळूहळू सैल झाली. द्रौपदाबाईला वाटलं, ओझं उतरलं. पण मंदाबाई बोलली तेव्हा तिचा आवाज बारीक होता आणि त्यात अहो-जाहो उरलं नव्हतं.

"म्हंजे मी आठे कुलपं उघाडत व्हतू, तवय तुले माहीत व्हतं."

"हो."

"मन्ही पोरगी तठे एकटी व्हती."

एकटी नव्हती, मी होते, हे द्रौपदाबाईच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. पुनमला माय नव्हती. जी माय व्हायला निघाली होती, तिला आपण बैल सोडायला पाठवलं.

आत भांड्याचा आवाज झाला. मंदाबाई तिकडे न बघता म्हणाली, "चहा नको ठेवू, पुनम."

खानदेशात दारी आलेल्याला चहा नाकारणं लहान गोष्ट नाही. द्रौपदाबाईनं आयुष्यात कानतुटके कप पाहिले होते. हा नकार त्या जातीचा नव्हता. हा सरळ रागाचा होता, आणि तिला तो मान्य होता. ती उठायला लागली, तेव्हा मंदाबाईनं विचारलं, "कशी व्हती?"

द्रौपदाबाई पुन्हा बसली. तिनं सगळं सांगितलं. जावळ किती होतं, बोटं कशी लांब होती, आंघोळ कशी घातली, पुनमनं किती वेळ जवळ घेतलं. हिरव्या कापडाचंही सांगितलं, नंबर आत दुमडला होता तेही. शेवटी म्हणाली, नाक तुमचं होतं, पुनमच म्हणाली.

मंदाबाईचा हात आपोआप नाकाकडे गेला. तिथंच राहिला. मग ती रडली. दार उघडंच होतं, गल्लीतल्या बायका येऊन उंबऱ्याबाहेर थांबल्या, कुणी आत आलं नाही.

रडून झाल्यावर तिनं गळ्यातली किल्ली काढली आणि पेटी उघडली. वर लिंबाचा पाला पसरला होता, तो वाळून चुरा झाला होता. खाली तिच्या जुन्या मऊ लुगड्यांची झबली, टोपडी, दुपटी. कडांना लाल दोऱ्याचा टाका. तिनं एकेक उचलून पाला झटकला, एका दुपट्यात सगळं बांधलं, एक टोपडं पुनमसाठी बाजूला ठेवलं आणि गाठोडं द्रौपदाबाईपुढे सरकवलं.

"दवाखान्यामा ठेव. कोणाचं असं गयं ते सरकारी कपडामा नको धाडू."

एवढंच. पाणीसुद्धा विचारलं नाही.

द्रौपदाबाईनं ते गाठोडं प्रसूतीच्या खोलीतल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. कुलपांचं औषध त्या दिवसापासून बंद केलं. खोलीत दुसरं स्टूल आलं आणि त्यावर सासू बसायला लागली. सोपं नव्हतं ते. कापूस वेचता वेचता झालेली बाळंतपणं तिला पुन्हा रोज ऐकावी लागली. कुणी आपण होऊन सांगे की अक्का, घरची सगळी कुलपं उघडून आलोय, तर ती म्हणे, "बरं केलं. आता इथं बसा आणि हिचा हात धरा." मृणालीला तिनं सगळं सांगितलं. मी म्हटलं होतं ना, असं लेक म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

त्या गावचा बाजार शनिवारी भरतो. पौष लागल्यावर एका शनिवारी मंदाबाई दवाखान्यात आली. पिशवीतून एक नवं टोपडं काढलं, टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "लागनं का?"

"नही लागनं," द्रौपदाबाई म्हणाली. गाठोडं वरच्या फळीवर तसंच होतं.

"बरं," असं म्हणून मंदाबाई निघाली. द्रौपदाबाईनं तिच्यासाठी टपरीवरून चहा मागवला होता, तो टेबलावर राहिला. साय धरली, मग निवला.

नंतर दर महिन्याला एखाद्या शनिवारी असंच. कधी टोपडं, कधी झबलं. बोलणं तेवढंच. चहा मागवला जायचा आणि निवायचा. टपरीवाल्यानं एकदा विचारलं, अक्का, पिणारं कुणी नसताना मागवता कशाला. ती म्हणाली, तू पैसे घे आणि आण.

वैशाखात एक शनिवार आला. मंदाबाईनं झबलं टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "लागनं का?"

द्रौपदाबाईनं झबल्याची घडी सरळ केली. मग म्हणाली, "लागनं."

मंदाबाई पहिल्यांदाच बाकावर बसली. "पोरगी?"

"पोरगा. मंगळवारी."

"टोपडं बसनं का डोकाले?"

"बसलं. लाल टाक्याचं होतं ते."

बाहेर ऊन रणरणत होतं. औषधाच्या खिडकीपाशी कुणाचं तरी तान्हं रडत होतं आणि आई त्याला खांद्यावर घेऊन हलवत होती. दोघी त्या आवाजाकडे बघत बसल्या. मग मंदाबाईनं टेबलावरचा कप ओढून घेतला, फुंकर मारली आणि चहा प्यायली.